हिमावरची वाट : पोलादी पट्टा आणि रबरी पट्टा

चाक हा मानवी बुद्धीचा एक पुरातन आणि थोर विजय मानला जातो, आणि तो मान यथार्थच आहे. परंतु चाकाचे सारे वैभव कठीण जमिनीच्या आधारावर उभे असते. ती जमीन नाहीशी होऊन तिच्या जागी दोन-चार हात खोल भुसभुशीत हिम आले, की चाकाइतके असहाय दुसरे साधन नाही. ते फिरते, परंतु पुढे सरत नाही. आणि जितके अधिक फिरते, तितके अधिक रुतते. भर पावसाळ्यात काळ्या रानातल्या चिखलात आसापर्यंत गेलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हिमात अडकलेल्या मोटारीची दशा निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. भेद इतकाच, की काळ्या रानातला गाडीवान बैल सोडून घरी जाऊ शकतो. उणे ४० अंशांच्या थंडीत, वस्तीपासून शेकडो मैल दूर अडकलेल्या माणसाला ती मोकळीक नसते.

ह्या अडचणीवर जो उपाय निघाला, तो मोठा चतुराईचा आहे. चाकांभोवती एक अखंड पट्टा गुंडाळावा, गाडीने तो आपल्यापुढे अंथरावा, त्यावरून जावे, आणि मागून उचलून तो पुन्हा पुढे आणावा. म्हणजे गाडी आपला रस्ता आपल्याबरोबरच घेऊन चालते. रणगाड्याला आणि खोदकामाच्या मोठ्या यंत्रांना जे पट्टे असतात, ज्यांना कामगार ‘चेन’ म्हणतात, ते ह्याच तत्त्वाचे. परंतु हा पट्टा असावा कशाचा? पोलादाच्या कड्या एकमेकींत गुंफून केलेला, की रबराचा सलग? वरवर पाहता हा प्रश्न कारखानदारांचा आणि कारागिरांचा वाटतो. वस्तुतः गेल्या सव्वाशे वर्षांत त्याच्या उत्तरावर अनेकदा माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

हिमावर चालणाऱ्या वाहनाला निसर्ग तीन अटी घालतो. पहिली अट हिमाची: भार थोडा असावा, आणि तो पुष्कळ जागेवर पसरलेला असावा. दुसरी अट थंडीची: पट्ट्याचे द्रव्य गारठून ठिसूळ होता कामा नये. तिसरी अट एकांताची: पट्टा तुटलाच, तर तो तुटल्या जागीच, उघड्या बोटांनी लोखंडाला स्पर्शही करता येत नाही अशा थंडीत, दुरुस्त करता आला पाहिजे. पोलाद आणि रबर ह्यांपैकी एकही द्रव्य ह्या तिन्ही अटी एकट्याने पुऱ्या करीत नाही. पोलादी पट्टा बळकट असतो. आपल्या आडव्या कडांनी तो कठीण बर्फ पकडून धरतो. आणि त्याची एखादी कडी मोडली, तर तिची खीळ ठोकून काढून दुसरी कडी बसविता येते. परंतु तो जड असतो, त्याच्या प्रत्येक सांध्याची झीज होते, आणि त्याच्या फटींत शिरलेले हिम दाबाने घट्ट होऊन दगडासारखे बसते. रबरी पट्टा हलका, खडखडाट न करणारा आणि वेगाला सोईचा. तो वाकतो तेव्हा त्याला चिकटलेले हिम आपोआप झडून पडते. परंतु गुळगुळीत बर्फावर तो घसरतो, अणकुचीदार खडकाने फाटतो, आणि एकदा फाटला की एक कडी बदलून भागत नाही. सारा पट्टाच बदलावा लागतो. हिमवाहनांचा इतिहास म्हणजे ह्या दोन द्रव्यांच्या गुणदोषांशी माणसाने केलेल्या दीर्घ तडजोडीचा इतिहास होय.

त्याचा प्रारंभ अमेरिकेच्या मेन राज्यातील अरण्यांत झाला. तेथे हिवाळ्यात झाडे तोडून त्यांचे ओंडके घोड्यांच्या स्लेजवरून, म्हणजे चाकाऐवजी घसरपट्ट्या लावलेल्या गाड्यांवरून, नदीकाठी नेण्याची वहिवाट होती. वॉटरव्हिल गावच्या आल्विन लोंबार्ड ह्याने १९०१ मध्ये ह्या कामासाठी वाफेच्या एका इंजिनाचे पेटंट मिळविले. त्याच्या मागील भागाला पोलादी पट्टे असून पुढे स्लेजसारख्या घसरपट्ट्या होत्या. सुकाणू धरणारा मनुष्य अगदी पुढच्या टोकाला उघड्यावर बसे, आणि उतार लागला की पाठीमागून ओंडक्यांनी भरलेल्या स्लेजचा सारा लोंढा अंगावर येत असताना त्याला ते धूड वाटेवर राखावे लागे. ह्या यंत्राला यश आले, परंतु ते का आले हे ध्यानात घेतले पाहिजे. लाकूडतोड्यांनी त्याच्यासाठी वाटा मुद्दाम तयार केल्या होत्या. त्यांवर पाणी शिंपडून ते गोठविले जाई, आणि वाट बर्फाने कठीण होई. अशा वाटेवर यंत्राच्या वजनाची अडचण नव्हती, आणि पोलादाच्या कडांना पकड उत्तम मिळे. पोलादाचा हा पहिला विजय खरे पाहता घडविलेल्या वाटेवरचा विजय होता. न घडविलेल्या हिमावर काय होईल, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्या प्रश्नाची परीक्षा पृथ्वीच्या दक्षिण टोकाला झाली. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट ह्या इंग्रज नौदलाधिकाऱ्याने १९१० मध्ये निघालेल्या आपल्या मोहिमेत तीन मोटार-स्लेज बरोबर नेल्या. बर्मिंगहॅमच्या वुल्सली कारखान्यात त्या तयार झाल्या होत्या. रेजिनाल्ड स्केल्टन ह्या नौदल अभियंत्याचा त्यांच्या घडणीत मोठा हात होता. आणि नॉर्वेच्या हिमावर त्यांची चाचणीही घेण्यात आली होती. ८ जानेवारी १९११ रोजी जहाजावरून उतरवून किनाऱ्याकडे नेताना त्यांपैकी एक समुद्रावरील बर्फ फुटून तळाशी गेली. राहिलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ रोजी ध्रुवाच्या दिशेने पुढे धाडण्यात आल्या. त्यांच्याबरोबर लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्स, बर्नार्ड डे, विल्यम लॅश्ली आणि हूपर असे चौघे होते. गाड्यांची इंजिने हवेने थंड होणारी होती. थोडे अंतर चालले की ती अतिशय तापत, आणि थांबविली की पुन्हा सुरू होईनात. नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत दोन्ही गाड्या वाटेतच टाकून देणे भाग पडले. मग त्या चौघांनी स्वतःच्याच अंगाला ओढपट्टे बांधले आणि सामानाची स्लेज ओढीत पुढची वाट धरली.

स्कॉट आणि त्याचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचले, परंतु परतीच्या वाटेवर ते पाचही जण मृत्यू पावले. ह्या शोकांतिकेचे खापर मोटारींच्या माथी फोडणे न्याय्य होणार नाही. तिची कारणे अनेक होती. परंतु मोटार-स्लेजच्या अपयशातून एक बोध निघत होता, आणि त्या काळी थोड्यांच्याच लक्षात तो आला. निकामी झाली होती ती इंजिने. पट्ट्यांनी हिमावरून गाडी ओढून दाखविली होती. कल्पना खोटी नव्हती, तिला योग्य शरीर मिळाले नव्हते.

त्याच सुमारास हिमाच्या दुसऱ्या एका प्रदेशात, रशियात, ह्याच कल्पनेला एक अगदी निराळे शरीर लाभत होते. रशियाचा झार दुसरा निकोलस ह्याच्या मोटारखान्याचा प्रमुख आडॉल्फ केग्रेस नावाचा एक फ्रेंच अभियंता होता. हिवाळ्यात राजवाड्याच्या आसमंतातील रस्ते हिमाने भरून जात, आणि झारच्या उंची मोटारी उभ्या राहत. केग्रेस ह्याने पोलादाच्या कड्यांचा मार्ग सोडून दिला. त्याने मागील चाकांच्या जागी एक लवचीक सलग पट्टा बसविला, आणि पुढील चाकांना स्की जोडल्या. उंची मोटारीला पोलादाचा खडखडाट शोभला नसता, आणि तिच्या नाजूक यंत्राला जड कड्यांचे ओझेही पेलले नसते. पुढे ह्या पट्ट्यासाठी रबर हेच मुख्य द्रव्य ठरले. राज्यक्रांती झाली, झार गेला, केग्रेसही फ्रान्सला परतला. परंतु त्याचे पट्टे रशियात राहिले. पेट्रोग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यात ते चिलखती मोटारींना लावण्यात आले. लेनिन ह्याच्या वापरातील एक रोल्स-रॉइस मोटार, मागे केग्रेसचे पट्टे आणि पुढे स्की अशा थाटात, मॉस्कोजवळील गोर्की येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. राजाच्या सुखासाठी निघालेली युक्ती क्रांतीच्या नेत्याच्या सेवेला लागली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

फ्रान्समध्ये केग्रेसची गाठ आंद्रे सिट्रोएन ह्या धाडसी कारखानदाराशी पडली. त्या दोघांच्या सहकार्यातून निघालेल्या गाड्यांनी डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ ह्या काळात सहारा वाळवंट ओलांडले, कारण कोरडी वाळू आणि कोरडे हिम ह्यांचा स्वभाव पुष्कळ अंशी सारखाच. ह्याच गाड्यांचा हिंदुस्थानाशीही संबंध आला. एप्रिल १९३१ मध्ये बैरूतहून निघालेली सिट्रोएनची मोहीम जॉर्ज-मारी हार्ट ह्याच्या नेतृत्वाखाली इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून श्रीनगरला आली, आणि तेथून तिने दोन गाड्या गिलगिटच्या दिशेने हिमालयात घातल्या. ४ हजार मीटरांहून उंच असलेली बुर्झील खिंड, कोसळलेल्या दरडी आणि घोड्याच्या टापांपुरत्या रुंदीच्या वाटा ह्यांतून त्या गाड्या गिलगिटपर्यंत नेण्यात आल्या. काही ठिकाणी त्यांचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवरून वाहावे लागले. गिलगिटच्या पुढे मात्र मोटारींचा उपाय चालेना, आणि मंडळींनी घोडे घेतले. जो पट्टा वाळू आणि हिम ह्यांवर मात करीत होता, त्याला हिमालयाच्या दगडाने आपली मर्यादा दाखवून दिली.

तथापि रबरी पट्ट्याचा खरा प्रभाव १९३४ मध्ये दक्षिण ध्रुवखंडावर दिसला. अमेरिकन नौदलाधिकारी रिचर्ड बर्ड ह्याच्या दुसऱ्या मोहिमेत सिट्रोएनच्या तीन गाड्या होत्या, आणि क्लीव्हलँडच्या कारखान्याचा एक जड पोलादी पट्ट्यांचा ट्रॅक्टरही होता. तो ट्रॅक्टर मार्च महिन्यात बर्डच्या पुढील ठाण्याचे सामान नेताना वाटेत बंद पडला, आणि तेथेच सोडून द्यावा लागला. त्या ठाण्यात बर्ड एकटाच हिवाळा काढीत होता. शेगडीच्या विषारी धुराने त्याची प्रकृती ढासळली, आणि बिनतारी यंत्रावरील त्याच्या अडखळत्या संदेशांवरून मुख्य तळावरच्या मंडळींना संशय आला. अंतर सुमारे १२३ मैल. काळ ध्रुवीय रात्रीचा. वाट बर्फातील भेगांची. दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्या खेपेस, ऑगस्टमध्ये, पोल्टर, डीमास आणि वेट हे तिघे सिट्रोएनच्या गाडीतून त्याच्यापर्यंत पोचले, आणि बर्डचे प्राण वाचले. ट्रॅक्टर बंद पडला ह्याचा सारा दोष त्याच्या पट्ट्यांना देता येणार नाही. परंतु हलकी गाडी, मग ती किती का कुरकुरेना, हिमावर पुन्हापुन्हा पाठविता येते, हे ह्या प्रसंगाने सिद्ध केले.

ज्या वर्षी बर्ड ध्रुवखंडावर वाचला, त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात एक घर उजाड झाले. व्हाल्कूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक तरुण यांत्रिक राहत असे. १९०७ मध्ये जन्मलेल्या ह्या मुलाने पंधराव्या वर्षीच जुन्या मोटारीचे इंजिन आणि विमानासारखा पंखा स्लेजवर बसवून ती हिमावर पळविली होती. पुढे त्याने गावात मोटारदुरुस्तीचा कारखाना काढला, आणि हिवाळ्यात चालणारी गाडी तयार करण्याचे प्रयोग चालू ठेवले. जानेवारी १९३४ मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील दाहाने आजारी पडला. शस्त्रक्रियेसाठी त्याला शेरब्रूकच्या रुग्णालयात नेणे अवश्य होते, परंतु सारे रस्ते हिमाखाली गाडले गेले होते. कारखान्यात हिमगाडीचे अर्धवट जुळविलेले भाग पडलेले होते. चालू स्थितीत गाडी एकही नव्हती. मूल दगावले.

बोंबार्डिएपुढे जी अडचण होती, ती पट्ट्याच्या इतिहासातील मर्माची अडचण होय. पट्टा फिरविणारे चक्र दातेरी असले पाहिजे, नाही तर ओल्या हिमाने ते नुसतेच घसरते. परंतु दात धातूचे असले, की त्यांच्या खाचांत हिम दाबले जाऊन गोठते. गोठलेल्या थराने चक्र जाड होते, पट्टा ताणला जातो, आणि शेवटी तो तुटतो तरी किंवा उतरतो तरी. बोंबार्डिए ह्याने ह्याचे जे उत्तर काढले, ते पोलादाचेही नव्हते आणि केवळ रबराचेही नव्हते. त्याने दंतचक्रावर रबराचे आवरण चढविले, त्यामुळे त्यावर बर्फ टिकेना. पट्टा त्याने दोन समांतर रबरी पट्ट्यांचा केला, आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या आडपट्ट्या पोलादाच्या ठेवल्या. वाकण्याचे काम रबराकडे, पकडण्याचे काम पोलादाकडे! १९३७ मध्ये त्याला ह्याचे पेटंट मिळाले. सात माणसांची आणि नंतर बारा माणसांची अशा त्याच्या गाड्या क्वेबेकच्या खेड्यापाड्यांतून धावू लागल्या. डॉक्टर आजाऱ्याकडे, धर्मगुरू मरणासन्न माणसाकडे, टपालवाला आणि शाळेतील मुले आपापल्या ठिकाणी त्यांतून जाऊ लागली. ज्या संकटाने त्याचे मूल नेले, ते संकट पुष्कळ इतर घरांच्या दारातून त्याने परतविले.

अशा रीतीने सामान्य जीवनात एक तडजोड ठरते न ठरते, तोच दुसरे महायुद्ध आले, आणि त्याने दोन्ही द्रव्यांना नव्या कसोटीवर घातले. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर दोस्त राष्ट्रांचा रबराचा मुख्य पुरवठा तुटला. अमेरिकेने आपल्या शेर्मन रणगाड्यांसाठी रबराच्या ठोकळ्यांच्या पट्ट्यांबरोबर निव्वळ पोलादी पट्टेही मोठ्या प्रमाणावर काढले. म्हणजे द्रव्याची निवड केवळ गुणांवर होत नसते. ते मिळते कोठे आणि त्याच्या वाटेवर कोण बसला आहे, ह्यावरही ती अवलंबून असते. रशियाच्या रणभूमीवर दुसरा धडा मिळाला. जर्मनांच्या अर्धपट्टा गाड्यांचे पट्टे मोठे कौशल्याचे होते: प्रत्येक सांध्यात वंगण, बारीक दांड्यांचे बेअरिंग, आणि वर रबराची गादी. रस्त्यावर ते उत्तम चालत. परंतु त्यांची घडण महाग आणि देखभाल किचकट होती. १९४१ च्या चिखलाने आणि हिवाळ्याने पोळल्यावर जर्मनांनी पूर्व आघाडीसाठी साध्या पोलादी पट्ट्यांचा एक ओबडधोबड ट्रॅक्टर काढला. घरापासून दूर गेल्यावर साधेपणा हाच मोठा गुण ठरतो, हे त्यातून दिसून आले.

ह्याच युद्धात हिमासाठीच जन्मलेले एक लहानसे वाहन निघाले. जेफ्री पाइक ह्या विक्षिप्त इंग्रजाच्या कल्पनेवरून अमेरिकेतील स्टुडबेकर कारखान्याने ते तयार केले, आणि त्याला ‘वीझल’, म्हणजे मुंगसासारख्या एका चपळ प्राण्याचे नाव मिळाले. नॉर्वेतील ज्या हल्ल्यासाठी ते योजले होते, तो हल्ला रद्द झाला. परंतु वाहन उरले. त्याचा जमिनीवरील भार दर चौरस इंचाला सुमारे २ पौंड, म्हणजे चालत्या माणसाच्या पावलाखालील भारापेक्षाही कमी होता. त्याच्या पट्ट्यातही तीच तडजोड होती: पोलादी तक्ते, आणि त्यांना जोडणारे, आत पोलादी दोर घातलेले रबरी पट्टे. युद्ध संपल्यावर ग्रीनलंडमधील फ्रेंच मोहिमांनी आणि १९४९ ते १९५२ च्या नॉर्वेजियन-ब्रिटिश-स्वीडिश मोहिमेने दक्षिण ध्रुवखंडावर वीझलचाच आश्रय केला.

ह्या सर्व पट्ट्यांची एकत्र परीक्षा १९५७-५८ मध्ये झाली. व्हिव्हियन फुक्स ह्याच्या मोहिमेने दक्षिण ध्रुवखंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत प्रथमच ओलांडले. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी निघून, १९ जानेवारी १९५८ रोजी ध्रुव गाठून, २ मार्च रोजी ती मंडळी स्कॉट तळावर पोचली: ९९ दिवस आणि २,१५८ मैल. ह्या तांड्यात वीझल होत्या, बोंबार्डिएच्या कारखान्याची ‘मस्केग’ गाडी होती, आणि अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील टकर ह्याच्या कारखान्याच्या चार ‘स्नो-कॅट’ होत्या. स्नो-कॅटला दोनाऐवजी चार पट्टे असत. प्रत्येक पट्टा पोलादी शिडीसारखा असून एका होडीवजा सांगाड्याभोवती फिरे, आणि हे चारही सांगाडे स्वतंत्रपणे वरखाली झुकत. त्यामुळे हिमाने झाकलेल्या भेगेवरचा पूल कोसळून एखादा पट्टा अधांतरी लोंबला, तरी बाकीचे पट्टे गाडीला धरून ठेवीत. भेगेच्या तोंडावर अशा अवस्थेत लटकलेल्या स्नो-कॅटची छायाचित्रे जगप्रसिद्ध आहेत. सामान कमी होत गेले आणि यंत्रे झिजत गेली तशा इतर गाड्या वाटेत सोडण्यात आल्या. अखेरपर्यंत पोचल्या त्या चारही स्नो-कॅट. पलीकडच्या बाजूने एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी शेतातल्या साध्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांच्या चाकांभोवती पट्टे चढवून ४ जानेवारी १९५८ रोजीच ध्रुवावर दाखल झाला होता. त्याच्यामागोमाग रशियनांनी खारकोव्ह येथे बांधलेली, सुमारे ३५ टनांची, रुंद पोलादी पट्ट्यांची ‘खारकोव्हचांका’ ही प्रचंड गाडी २६ डिसेंबर १९५९ रोजी ध्रुवावर आणली. ती म्हणजे हिमावर चालणारे एक घरच होते, आणि इतके वजन त्या काळी पोलादाखेरीज दुसऱ्या द्रव्याने पेलले नसते.

येथे थंडीचा विचार करणे अवश्य आहे, कारण अनेकांची अशी समजूत असते की थंडीत बिघडते ते केवळ रबर. ती समजूत अपुरी आहे. साधे पोलादही एका ठराविक मर्यादेखाली गारठले की आपला चिवटपणा गमावते, आणि एरवी वाकले असते तेथे आघाताने काचेसारखे तडकते. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड ह्याने शोधलेले मँगेनीजमिश्रित पोलाद ह्या दोषातून बरेच मुक्त आहे. ते थंडीतही चिवट राहते आणि आघाताने वरून अधिकच कठीण होते, म्हणून पट्ट्यांच्या कड्यांसाठी ते फार उपयोगी पडले. रबराची कथाही अशीच. झाडाच्या चिकापासून होणारे रबर उणे ७० अंशांच्या आसपास काचेसारखे होते. पण त्याच्या कितीतरी आधी, उणे २५ अंशांच्या सुमारास दीर्घकाळ पडून राहिले, तरी ते हळूहळू ताठरते. म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पट्टा सकाळी पहिल्या फेऱ्यातच तडकण्याचा धोका असतो. एकदा चालू लागला, की स्वतःच्याच वाकण्याने तो थोडा ऊबदार राहतो. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी जी कृत्रिम रबरे निर्माण केली, त्यांतील काही ह्याहूनही पुष्कळ खालच्या तपमानापर्यंत मऊ राहतात. तात्पर्य, ‘पोलाद’ आणि ‘रबर’ ही दोन नावे १९११ मध्ये ज्या वस्तूंना होती, त्याच वस्तूंना आज नाहीत.

ह्या सुधारणांमुळे तराजू हळूहळू रबराकडे झुकला. बोंबार्डिए ह्याने १९५९ मध्ये काढलेल्या ‘स्की-डू’ ह्या लहान हिमदुचाकीला एकच सलग रबरी पट्टा होता, आणि उत्तरेकडील अनेक वस्त्यांत कुत्र्यांच्या स्लेजची जागा अशा गाड्यांनी घेतली. १९६९ मध्ये जर्मनीच्या केसबोरर कारखान्याने ‘पिस्टनबुली’ काढली. तिच्या पट्ट्यात अनेक रबरी पट्टे असून त्यांवर धातूच्या आडपट्ट्या ठोकलेल्या असतात. १९८० नंतरच्या दशकात, आत पोलादी तारांचे जाळे गुंफलेले रुंद रबरी पट्टे शेतीच्या मोठ्या ट्रॅक्टरांना लागले, आणि तेच ट्रॅक्टर ध्रुवखंडावर गेले. मॅकमर्डो तळापासून ध्रुवापर्यंतची सुमारे १,६०० किलोमीटरांची वाट अमेरिकनांनी २००२ ते २००६ ह्या काळात आखली. भेगा शोधून, त्यांवरचे हिमाचे पूल सुरुंगाने पाडून, त्या हिमाने भरून काढण्यात आल्या. आणि त्या वाटेवरून रबरी पट्ट्यांचे ट्रॅक्टर इंधन ओढून नेऊ लागले. खारकोव्हचांकेच्या काळी जे काम पोलादाखेरीज होणे शक्य नव्हते, ते आता रबर करू लागले.

हिंदुस्थानाचाही ह्या वाटेवर वाटा आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासीम ह्यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी दक्षिण ध्रुवखंडावर उतरली. ज्या गोव्याने हिम कधी पाहिले नाही, त्याच गोव्यातील वास्को येथील संस्थेतून ह्या मोहिमांचा कारभार चालतो. १९८९ पासून चालू असलेले ‘मैत्री’ हे ठाणे किनाऱ्याच्या बर्फापासून आत, खडकाळ भूमीवर आहे. जहाजातून उतरलेले इंधन आणि धान्य तेथवर नेण्यासाठी पिस्टनबुलींचे तांडे हिमावरून ये-जा करतात. म्हणजे क्वेबेकमधील एका गावच्या यांत्रिकाने रबर आणि पोलाद ह्यांचा जो मेळ १९३७ मध्ये घातला, त्याच मेळाच्या जोरावर भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढील हिवाळ्याची शिधासामग्री वाहिली जाते.

मग ह्या वादात जिंकले कोण? हिशेब मांडू गेल्यास असे दिसते, की जेथे वाट घडविलेली, ओझे अचाट आणि कारखाना शेकडो मैल दूर, तेथे पोलादाने दीर्घकाळ मान राखला, कारण त्याची एकेक कडी बदलता येते. जेथे हिम मऊ, गाडी लहान आणि घाई मोठी, तेथे रबराने बाजी मारली, कारण ते हलके असते आणि हिमाला चिकटू देत नाही. परंतु बहुतेक टिकाऊ गाड्यांचा पट्टा पाहिला, तर तो निव्वळ एका द्रव्याचा क्वचितच आढळतो. ज्याने वाकावयाचे ते रबर, ज्याने चावावयाचे ते पोलाद, आणि रबराच्या पोटात पुन्हा पोलादाचीच तार. प्रत्येक द्रव्याला त्याच्या स्वभावाचे काम नेमून दिले, तेव्हाच हिमावरची वाट माणसाला मोकळी झाली. ती तशी होण्यापूर्वी कित्येकांना आपल्या अंगालाच ओढपट्टे बांधावे लागले, आणि एका बापाला अर्धवट जुळविलेल्या गाडीशेजारी हतबल उभे राहावे लागले. आज ध्रुवाच्या वाटेवर इंधनाचा तांडा निर्धोक जातो, किंवा डोंगरातल्या खेड्यात डॉक्टर वेळेवर पोचतो, तेव्हा त्या पट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यात त्यांच्या कष्टांचा आणि दुःखाचा वाटा असतो.